सीझन

इंग्रज गेले, पण जाताना जे शब्द ठेवून गेले त्यांत 'सीझन'इतका राबणारा शब्द दुसरा नसेल. आपल्याकडे तसे सहा ऋतू आहेत. पण व्यवहारात उपयोग एकाचाही नाही. 'सध्या ग्रीष्म ऋतू चालू आहे, हापूस घ्या,' असं म्हणणारा आंबेवाला तुम्ही पाहिलाय? तो म्हणतो, 'घ्या साहेब, सीझन आहे!' भाव कमी करा म्हणावं, तरी उत्तर तेच. 'कसा करू साहेब? सीझन आहे!'

तुळशीचं लग्न लागलं की मंगल कार्यालयांचा सीझन. महाबळेश्वरला धबधबे ओसंडून वाहतात, तेव्हा म्हणे 'ऑफ सीझन'! लोकलच्या पासाला रेल्वे 'सीझन तिकीट' म्हणते. बारमाही एका पायावर उभं राहण्याचा परवानाच तो. मुलं टेनिस बॉल सोडून साडेपाच औंसांच्या, म्हणजे सुमारे १५६ ग्रॅमच्या 'सीझन बॉल'ला हात घालतात, तेव्हा तळमजल्यावरच्या काचांचा सीझन संपतो. सुतार छातीवर हात ठेवून सांगतो, 'लाकूड सीझन केलेलं आहे,' म्हणजे आतला ओलावा पार सुकवलेलं. पावसाळ्यात दार फुगलं की तोच म्हणतो, 'सीझनच तसा आहे!'

आम्हा बँकवाल्यांचे सीझन आणखी वेगळे. विसाव्या शतकात रिझर्व्ह बँकेच्या पंचांगात ऋतू दोनच. माल बाजारात येतो, व्यापाऱ्यांना पैसा लागतो, तो हिवाळ्याकडचा 'बिझी सीझन'. पावसाळ्यात उचल मंदावते, म्हणून तो 'स्लॅक', म्हणजे सुस्त. बी.कॉम. झालेल्या माणसाला यात काही खटकत नाही.

खटकलं ते शब्दकोश चाळताना. या शब्दाचं मूळ लॅटिन, तिथून तो जुन्या फ्रेंचमधून इंग्रजीत उतरला. आणि मूळ अर्थ काय? पेरणी!

म्हणजे आमचा गावाकडचा मावसभाऊ मृगाच्या पावसात बियाणं-खतासाठी धावाधाव करत असतो, तो अस्सल सीझन; आणि नेमका तोच आमच्या पुस्तकात सुस्त! पेरल्यावर पावसानं ओढ दिली की दुबार पेरणी. बियाणं पुन्हा, मजुरी पुन्हा. कर्ज मात्र पहिलंच. तीही वाया गेली, की तो एवढंच म्हणतो, 'औंदा सीझन गेला, दादा.'

लॅटिनचा एक धडाही न गिरवता या शब्दाचा मूळ अर्थ पक्का ठाऊक असलेला आमच्या घराण्यात तो एकटाच.