राखणदाराची राखण

मळ्यातल्या वस्तीवर कुत्रं नसलं की घर मुकं होतं. गावात राहणाऱ्याला हे सहज कळायचं नाही. तिथं भिंतीला भिंत असते, कुणाच्या ना कुणाच्या ओट्यावर माणूस जागा असतो. आमची वस्ती निफाड तालुक्यात, गावापासून अर्ध्या कोसावर. एका अंगाला द्राक्षबाग, दुसऱ्या अंगाला कांदा, आणि पलीकडं थेट नदीपर्यंत लोकांचा ऊस. इथं रात्री बाहेर काय चाललंय ते कुत्रंच सांगतं. पाव्हणा आला तर भुंकायची तऱ्हा वेगळी, कोल्हं आलं तर वेगळी. साप दिसला तर ते एका जागी उभं राहून मागंपुढं होत भुंकतं. बिबट्या आला तर मात्र भुंकणं अर्ध्यातच तुटतं. कुत्रं शेपूट पायात घालून दाराला येऊन खेटतं. त्या आवाजापेक्षा त्या गप्प होण्यानं माणूस खडबडून जागा होतो.

माझ्या लहानपणी आमच्या शिवारात लांडग्याची, तरसाची भीती असायची. बिबट्या त्र्यंबक-इगतपुरीच्या डोंगरातला, असं आम्ही ऐकून होतो. पुढं गोदावरी आणि कादवेच्या काठानं ऊस वाढत गेला. ऊस म्हणजे बिबट्याला घरच. वर्षभर दाट सावली, पायाशी पाणी, माणसाचा वावर कमी. मादी उसातच पिल्लं घालते. ती पिल्लं उसातच मोठी होतात, त्यांना डोंगर ठाऊकच नसतो. उसाला कोयता लागला की ती बाहेर पडतात आणि वस्त्यांच्या कडेकडेनं फिरतात.

आमचा मोत्या मागच्या माघात गेला. सात वर्षांचं कुत्रं, अंगानं थोराड. नेहमीसारखा ओट्याखाली पोत्यावर झोपला होता. रात्री दोनच्या सुमाराला एकदाच केकाटला. मी बॅटरी घेऊन दार उघडेपर्यंत अंगणात काही नव्हतं. सकाळी उसाच्या बांधापर्यंत ओढत नेल्याची रेघ तेवढी दिसली. पंचक्रोशीत जवळपास प्रत्येक वस्तीवर अशी एखादी गोष्ट आहे. लोक एकमेकांना सांगतात आणि आठ दिवसांत दुसरं पिल्लू आणतात.

आमच्या मंडळींनी मात्र ठाम सांगितलं, "आता पुन्यांदा कुत्रं आणायचं नाही. आपण कडी लावून झोपायचं आन् त्या मुक्या जीवानं दाराबाहेर मरायचं, असली राखण मला नको."

यावर माझ्याजवळ उत्तर नव्हतं. दहा महिने आम्ही तसेच काढले. थ्री फेज लाईट रातची असली की मी आणि मुलगा, दोघं मिळून पाणी भरायला जायचो. सूनबाई नातवाला संध्याकाळी पाचनंतर अंगणात सोडत नव्हती.

एक दिवस मुलानं मोबाइलवर वाचून दाखवलं. आमच्या सिन्नरला लागून नगर जिल्ह्याचा अकोले तालुका आहे. तिथं डॉ. विद्या अत्रेय आणि त्यांच्या सोबत्यांनी बिबट्याच्या विष्ठेचे नमुने गोळा करून तो नेमकं काय खातो याचा अभ्यास केला. तो २०१६ साली 'ऑरिक्स' नावाच्या नियतकालिकात छापून आला. बिबट्याच्या खाण्यात वजनाच्या हिशेबानं ३९ टक्के वाटा एकट्या कुत्र्यांचा निघाला. शेळ्यांचा निघाला ११ टक्के. आणि त्या भागात शेळ्या होत्या कुत्र्यांच्या सातपट. मुलानं हे दोनदा वाचलं. कारण समजायला शिक्षण लागत नाही. शेळी रात्री गोठ्यात, जाळीच्या आत असते. कुत्रं मोकळं असतं.

मंडळी भाकरी थापता थापता ऐकत होत्या. म्हणाल्या, "मंग कुत्र्यालाबी जाळी करा."

अशी आमची तयारी सुरू झाली. एरवी पिल्लू आणायचं म्हणजे तयारी कसली? एक फुटकी परात आणि गळ्याला सुतळी. या खेपेला आम्ही महिनाभर आधीपासून लागलो. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडून लोखंडी अँगलचा पिंजरा करून घेतला. पाच फूट लांब, चार फूट रुंद, साडेतीन फूट उंच. तीन बाजूंनी आणि वरून पत्रा, पुढं बारीक भोकाची जाळी. गज लावले असते तर पंजा आत गेला असता. कडी बाहेरून, तिला वर आणखी एक खिट्टी. खाली लाकडी फळी, म्हणजे फरशीचा गारठा अंगाला लागू नये. पिंजरा पडवीत भिंतीला टेकवून ठेवला आणि वर रातभर जळेल असा दिवा लावला.

ट्रॅक्टरवर घालून तो आणताना पारावरच्या मंडळींनी अडवलंच. "नाना, बिबट्या धरायचा ठेका घेतला का काय?"

"नाही बाबा, कुत्र्यासाठी आहे."

"म्हणजे कुत्रं आत आन् बिबट्या बाहेर? उलटंच की हे!"

सगळे हसले, मीही हसलो. त्यातल्या दोघांनी नंतर गुपचूप माप विचारून नेलं.

मग तालुक्याच्या गावी जनावरांच्या डॉक्टरांकडं जाऊन आलो. पिल्लू कधी आणू, काय खाऊ घालू, इंजेक्शनं कोणती, हे आधीच विचारून घेतलं. ते म्हणाले, दोन महिने तरी पिल्लू आईजवळ राहू द्या. डोळे उघडले की उचलून आणायची आपल्याकडची रीत आहे, त्यानं पिल्लं दगावतात. पार्वो आणि डिस्टेंपर या दोन रोगांची लस सहा ते आठ आठवड्यांपासून सुरू करायची. चार महिन्यांचं होईपर्यंत तीन-चार आठवड्यांच्या अंतरानं ती परत द्यायची. पिसाळण्याची लस तीन महिन्यांना, मग वर्षानं पुन्हा. पार्वोत पिल्लाला उलट्या आणि रक्ताची हगवण लागते. त्याचा विषाणू मातीत महिनोन् महिने जिवंत राहतो. म्हणून लसी पुऱ्या होईपर्यंत पिल्लाला दुसऱ्या कुत्र्यांच्या वाटेवर सोडायचं नाही.

पिसाळण्याच्या लशीबद्दल मला जास्त सांगावं लागलं नाही. आमच्या पिढीनं पोटातली चौदा इंजेक्शनं बघितली आहेत. पाश्चर यांनी १८८५ साली लस शोधली. पण आजही हा रोग एकदा अंगात दिसू लागला की माणूस वाचत नाही म्हणूनच समजा. आता इंजेक्शन दंडात देतात आणि फार दुखतही नाही. कुत्रं चावलं की आधी जखम साबणानं वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची आणि तडक दवाखाना गाठायचा. जखमेत मिरची नाही, चुना नाही.

डॉक्टरांनी शेवटी जे सांगितलं त्यानं मी चकितच झालो. म्हणाले, "कांदा आणि द्राक्ष, दोन्ही त्याच्या तोंडाला लागू देऊ नका." कांद्यानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. कांदा कच्चा असो की शिजलेला. द्राक्षानं, बेदाण्यानं त्याचं मूत्रपिंड निकामी होऊ शकतं, आणि किती मण्यांनी होईल याचा नेम नाही. आता बघा, लासलगाव, पिंपळगाव, आमचा सगळा तालुका जगतो या दोन पिकांवर, आणि दोन्ही कुत्र्याला वीख. मी म्हटलं, "आमची कुत्री तर पिढ्यान् पिढ्या कालवणाचं उष्टं खाऊन जगली."

ते म्हणाले, "जगली ती तुम्हाला दिसली. मेली त्यांचं कारण कुणी पाहिलं?"

घरी येऊन आम्ही अंगण झाडून काढलं. फवारणीच्या रिकाम्या बाटल्या, मोरचुदाच्या पिशव्या, छाटणीनंतर काडीला लावायच्या औषधाचा उरलेला डबा, चाळीतलं उंदराचं औषध, सगळं कुलपात गेलं. दोन खड्डे बुजवले. पाण्याच्या हौदाला झाकण आलं. मंडळी म्हणाल्या, "नातू रांगत होता तव्हाबी एवढं केलं नव्हतं."

दिवाळीनंतर धनगरांचे वाडे आमच्याकडं येतात. त्यांच्या मेंढ्या आम्ही रानात बसवतो, रानाला खत होतं. त्यांची कुत्री बघावीत. गळ्यात लोखंडी काट्यांचा पट्टा, कारण लांडगा आणि बिबट्या पहिला धरतो तो गळाच. त्यांच्या एका कुत्रीनं दसऱ्याच्या सुमाराला वाटेवरच पिल्लं दिली होती. घोड्यावरच्या बिऱ्हाडात, कोकरांच्या शेजारी टोपलीत बसून ती आमच्या शिवारात आली. म्हाताऱ्या धनगरानं एकेक पिल्लू उचलून नखं मोजून दाखवली. "हे वीस नखांचं हाये, हे न्या." मी पैसे काढले तर त्यानं हात जोडले. "कुत्र्याचे पैसे घेत नसतो आम्ही." मग पायलीभर बाजरी दिली. निघताना तो पिल्लाच्या कानात काहीतरी पुटपुटला. काय ते आम्ही विचारलं नाही.

आणलं त्या दिवशी चंपाषष्ठी होती. खंडोबाचा दिवस, आणि कुत्रं खंडोबाचं. आमच्याकडं तळी भरली की भरीत-रोडग्याचा नैवेद्य आधी कुत्र्याला. मंडळींनी रोडग्याचा तुकडा दुधात कुस्करून पुढं ठेवला, भरीत ठेवलं नाही. भरतात कांदा होता. "देवाला कळतं," एवढंच म्हणाल्या. नाव ठेवण्यावरून वाद झाला. नातवाला टायगर पाहिजे होतं. मंडळी म्हणाल्या, खंडोबाच्या दिवशी आलं, वाघ्याच. वाघ काय आणि टायगर काय, अर्थ एकच, असं म्हणून मुलानं वाद मिटवला.

पहिल्या रात्री वाघ्यानं घर डोक्यावर घेतलं. बारा भावंडांच्या अंगाची ऊब, कोकरांचा वास, आईचं दूध, सगळं एकदम तुटलेलं. त्यात मार्गशीर्षातली निफाडची थंडी. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रात पारा पाच अंशांच्या खाली उतरला की पेपरात बातमी येते, आम्ही पहाटे बागेत शेकोट्या पेटवतो, ती ही थंडी. मी पिंजऱ्यात गोणपाटावर जुनी गोधडी टाकली. गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून ठेवली. तरी रडणं थांबेना. शेवटी मंडळींनी पिंजऱ्यालगत आतल्या बाजूला अंथरूण टाकलं आणि जाळीच्या भोकातून दोन बोटं आत दिली. ते बोटं चोखत झोपलं. तीन रात्री असंच चाललं. चौथ्या रात्री बोटांची गरज पडली नाही.

त्याच दिवशी त्याला हगवण लागली आणि आमचा जीव उडाला. डोळ्यांपुढं एकच शब्द, पार्वो. मोटारसायकलवर पिशवीत घालून मुलगा दवाखान्यात घेऊन गेला. नातू जेवला नाही. दुपारी फोन आला, रक्त नाही, उलटी नाही. पोटात जंत आहेत आणि गाईचं दूध जास्त झालं. जंताचं औषध मिळालं, दूध बंद झालं. मग भात आणि उकडलेलं अंडं, ताकात मऊ केलेली भाकरी, थोडं थोडं, दिवसातून चार वेळा. दोन दिवसांत पोट ताळ्यावर आलं. पोट बरं झाल्यावर आठवड्यानं पहिली लस टोचली, तर डॉक्टरांच्याच बोटाला दात लावून आलं.

हळूहळू ते वस्ती ओळखू लागलं. गाईच्या शेपटीशी खेळून एक लाथ खाल्ली. कोंबडीनं टोचलं, तेव्हापासून कोंबड्यांना मान देतं. सूनबाईनं कांदा निवडायला घेतला की नातू त्याला दूर नेऊन बांधतो. ते काम त्यानं स्वतःहून अंगावर घेतलं आहे.

अठराव्या रात्री पिंजऱ्यातून बारीक गुरगुर ऐकू आली. दोनदा भुंकलं, तेही धड नाही, आणि एकदम गप्प झालं. आम्ही उठून बसलो. कुणी दार उघडलं नाही. मंडळींनी आतूनच हाक दिली, "वाघ्या, हाये ना रं?" आतून जाळीवर पंजा घासल्याचा आवाज आला. मुलानं डबा वाजवला, बाहेरचे सगळे दिवे लावले. सकाळी विहिरीजवळच्या ओल्या मातीत पंज्याचे ठसे होते, पडवीपासून वीस पावलांवर. मुलानं त्यांवर घमेलं पालथं घातलं आणि वनखात्याला फोन लावला.

पिल्लाला उजेडात बाहेर काढलं. घमेल्याशी जाऊन त्यानं हुंगलं. पाठीवरचे केस उभे राहिले, आणि मागं सरून ते माझ्या पायात येऊन बसलं.

आता दिवस मावळला की त्याला हाक मारावी लागत नाही. आपण होऊन पिंजऱ्यात जातं, गोधडीवर दोन चकरा मारतं आणि तोंड जाळीकडं करून बसतं. आम्ही कडी लावतो, वरची खिट्टी लावतो, आणि मग आमच्या दाराची.