शेरास सव्वाशेर

महाविद्यालयातील चार मित्र एका खोलीत राहतात. एकजण दुसऱ्याची फजिती करतो, दुसरा त्याचे उट्टे काढतो, पहिला त्यावर पुन्हा कडी करतो, आणि अर्ध्या तासाचा अवधी संपण्याच्या सुमारास सर्वजण एकमेकांच्या गळ्यात हात घालून मोकळे होतात. दूरचित्रवाणीवरील विनोदी मालिकांचा हा एक ठरीव प्रसंग होऊन बसला असून आमच्या विद्यार्थ्यांस तो चांगला परिचयाचा आहे. मुंबई दूरदर्शनने चिं. वि. जोशी यांचे चिमणराव व गुंड्याभाऊ घरोघरी आणून बसविले, त्यास आता बरीच वर्षे लोटली. २०१५ साली ‘दिल दोस्ती दुनियादारी’ ह्या मालिकेने मुंबईतील एका घरात राहणारी तरुण मंडळी दाखविली, तेव्हा आमच्या वर्गातील मुलेही मधल्या सुटीत त्यांच्यासारखी बोलू लागली. मी ह्या मालिकांचा द्वेष्टा नाही. मनमोकळे हसणे ही देवाची देणगी आहे, आणि शाळामास्तरांनाही ती मिळालेली असते, हे विद्यार्थ्यांनी सहसा ध्यानात घेतलेले नसते, इतकेच!

तथापि मालिकेतील थट्टेस एक सोय असते, ती तुमच्या-आमच्या थट्टेस नाही. तेथे मागे एक लेखक बसलेला असतो. कोणता बाण कोठवर लागावा, कोणी किती चिडावे व केव्हा हसावे, हे त्याने आधीच ठरवून ठेविलेले असते. ‘द बिग बँग थिअरी’ ह्या अमेरिकन मालिकेच्या २००९ सालच्या एका भागात शेल्डन नावाचा पदार्थविज्ञानवेत्ता नभोवाणीवर मुलाखत देत असता, क्रिप्की नावाचा त्याचा सहकारी त्याच्या खोलीत गुपचूप हेलियम वायू सोडतो. हेलियममध्ये ध्वनी हवेतल्यापेक्षा जवळजवळ तिप्पट वेगाने जातो. त्यामुळे शेल्डनचा आवाज चिरका होऊन साऱ्या देशापुढे त्याचे हसे होते. मग तो क्रिप्कीच्या प्रयोगशाळेच्या छतात हायड्रोजन पेरॉक्साइड व पोटॅशियम आयोडाइड यांची अशी योजना करतो की, क्रिप्की आत येताच वरून फेसाचा लोंढा कोसळावा. लोंढा कोसळतो खरा. परंतु त्याच वेळी विद्यापीठाचे अध्यक्ष आणि संचालक मंडळ आत आलेले असून तेही न्हाऊन निघतात! आपण हसतो. लेखकाने कोणासही इजा होऊ दिलेली नाही, हे आपणांस ठाऊक असते. पण एक गोष्ट त्या लेखकाने अचूक टिपली आहे : नेम एकावर धरलेला असतो, आणि फेस दुसऱ्याच्याच अंगावर पडतो.

हीच गोष्ट मी लेखकाच्या मदतीवाचून घडताना पाहिली आहे. विसाव्या शतकाच्या अखेरच्या वर्षांत मुंबईतील एका वसतिगृहात आम्ही तिघे एका खोलीत राहत होतो. एक पेण तालुक्यातील गागोदे बुद्रुकचा, दुसरा शेजारच्या रोहे तालुक्यातला. त्यामुळे साऱ्या वसतिगृहात पेणकर आणि रोहेकर हीच त्यांची नावे पडली होती. दोघांची मैत्री मोठी घट्ट. एके सकाळी पेणकराने रोहेकराच्या चहात साखरेऐवजी मीठ घातले, आणि युद्धास तोंड लागले. रोहेकराने त्याचे घड्याळ तीन तास पुढे केले, तेव्हा पेणकर पहाटे तीन वाजता थंडगार पाण्याने स्नान करून, पुस्तके काखेस मारून बंद दारांपुढे उभा राहिला. पुढे पेणकराने रोहेकराची प्रयोगवही, ती सादर करावयाच्या आदल्या रात्री, गच्चीवरील पाण्याच्या टाकीमागे दडविली. रोहेकराने रात्रभर शोध केला, आणि सकाळी वही हाती आली तेव्हा तो हसला नाही. त्याचे न हसणे आमच्या ध्यानात यावयास हवे होते, असे आता वाटते. परंतु बघ्यांना पुढच्या अंकाची घाई असते.

पुढचा अंक आला तो एका पोस्टकार्डाच्या रूपाने. पेणकराच्या वडिलांच्या वळणाचे अक्षर, आणि मजकूर दोनच ओळींचा : आई फार आजारी आहे, ताबडतोब निघून ये. त्या घरी टेलिफोन नव्हता. टपालाचा शिक्का कोठचा आहे, हे पाहण्याइतके भान त्या मुलास कोठून असणार? रोहेकर त्या वेळी वर्गात होता. तो परत येऊन ‘कसा फसलास!’ असे म्हणण्यापूर्वीच पेणकर निघून गेला होता. शेवटच्या एस.टी.त उभ्याने प्रवास करून त्याने उरलेली रात्र पेणच्या स्थानकावर काढली, आणि सकाळी तो घरी पोहोचला, तेव्हा त्याची आई अंगणात पोह्यांचे पापड वाळत घालीत होती.

दोन दिवसांनी तो परतला. वसतिगृहातील झाडून सारी मुले आमच्या खोलीशी गोळा झाली. कारण आता कोणता सूड निघतो, हे प्रत्येकास पाहावयाचे होते. पेणकराने पिशवीतून पापडांचे पुडके काढले, त्यातील निम्मे रोहेकराच्या खाटेवर ठेविले, आणि म्हणाला, “आईनं दिलेत. ती बरी आहे.” एवढे बोलून तो पाय धुवावयास गेला. बघ्यांची निराशा झाली. रोहेकर मात्र भिंतीकडे तोंड करून बराच वेळ बसून राहिला.

पुढच्या सुटीत रोहेकराने मजला सोबत घेतले आणि आम्ही गागोद्यास गेलो. त्या माउलीपुढे त्याने मान खाली घातली. “मावशी, माझं चुकलं,” इतकेच तो बोलू शकला. ती रागावली नाही, आणि ‘पोरांचं चालायचंच’ असेही म्हणाली नाही. ती म्हणाली, “अरे, लेकरू रात्रभर उपाशी आलं, दारात मला उभी बघितली आणि खाली बसून रडलं. ते हसण्यासारखं नव्हतं, बाबा.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आता हातपाय धुवा आणि जेवायला बसा.” पंगतीत पेणकराचे वडील सहज बोलून गेले, “शिमग्याला पोरं कुंपणाची लाकडं पळवतात, आम्हीपण पळवली. पण त्याला दिवस ठरलेला आहे, आणि होळी विझली की कोण कोणाला विचारीत नाही. तुमचा शिमगा बारा महिने चालला, म्हणून हे झालं.”

आज इतक्या वर्षांनी मागे वळून पाहता एक प्रश्न मनात येतो. ह्या दोन सुस्वभावी मुलांपैकी कोणाच्याही मनात द्वेष नव्हता. मग चिमूटभर मिठापासून ते त्या पोस्टकार्डापर्यंत आले कसे? ह्याचे एक उत्तर लंडन येथील शास्त्रज्ञांनी २००३ साली प्रसिद्ध केलेल्या एका साध्या प्रयोगात सापडते. दोन माणसे समोरासमोर बसविली. एकाने दुसऱ्याच्या बोटावर एका लहानशा यंत्राच्या द्वारे दाब द्यावयाचा, आणि दुसऱ्याने आपणांस जेवढा लागला तेवढाच दाब परत करावयाचा. अधिक नाही, उणा नाही. दोघेही प्रामाणिकपणे तसे करीत होते. तरीही प्रत्येक पाळीस दाब सरासरी सुमारे ३८ टक्क्यांनी वाढत गेला! कारण असे की, आपण स्वतः जो दाब देतो त्याची जाणीव आपला मेंदू मुळातच कमी धरतो, आणि दुसऱ्याकडून येणारा दाब मात्र पुरेपूर मोजतो. आपली आपणांस गुदगुली होत नाही, तीही ह्याच कारणाने. त्यामुळे आपण बरोबर तेवढेच परत केले, असे दोघांसही मनापासून वाटते, आणि दोघांचीही मापे चुकलेली असतात.

आमच्या पूर्वजांनी प्रयोगशाळेवाचून ‘शेरास सव्वाशेर’ ही म्हण केली, तीत त्यांनी वाढ पंचवीस टक्के धरली. प्रयोगात ती त्याहूनही अधिक भरली. गणिताच्या विद्यार्थ्यांनी हिशेब करून पाहावा. प्रत्येक पाळीस सव्वापट म्हटले, तर आठ पाळ्यांत एका शेराचे जवळजवळ सहा शेर होतात. आणि अडतीस टक्क्यांच्या प्रमाणाने वाढ चालू राहिली, तर तेरांच्या वर जातात. ह्या हिशेबात दुष्टपणा कोठेही मिळविलेला नाही. केवळ परतफेड केली, एवढेच.

महाभारतकारांना हे मर्म पक्के ठाऊक होते. लहानपणी भीम धृतराष्ट्राच्या पुत्रांस पाण्यात बुडवून धरी. ती मुले फळे काढावयास झाडावर चढली, म्हणजे झाडास लाथ मारून फळांबरोबर त्यांसही खाली पाडी. हे तो द्वेषबुद्धीने नव्हे, तर पोरपणाने करीत असे, असा निर्वाळा ग्रंथातच दिलेला आहे. परंतु झाडावरून पडणाऱ्यास तो पोरपणा कसा दिसावा? दुर्योधनाने भीमास अन्नातून विष घालून गंगेत लोटले. मांजराचा खेळ होतो आणि उंदराचा जीव जातो, ही म्हण खरीच. पण ह्या कथेत उंदीरही मोठा होऊन मांजराच्या मागे लागला. पुढे मयसभेत स्थळी जळ व जळी स्थळ भासून दुर्योधन पाण्यात पडला आणि भीम हसला. त्या हसण्याची किंमत कोणास, कोठवर द्यावी लागली, हे सांगावयास नकोच.

तर मग थट्टा करूच नये काय? असे मी म्हणणार नाही. ज्या वर्गात कोणी कोणाची थट्टा करीत नाही, तेथे मैत्रीही बेताचीच असते. परंतु शहाण्या थट्टेखोरांनी आपल्या खेळास नियम लावून घेतलेले आहेत. अमेरिकेतील कॅलटेक व एमआयटी ह्या दोन विख्यात विज्ञानसंस्थांतील विद्यार्थी एकमेकांच्या खोड्या काढण्याविषयी प्रसिद्ध आहेत. २००६ साली एमआयटीच्या मुलांनी सामान हलविणाऱ्या कंपनीची माणसे असल्याची बतावणी करून कॅलटेकच्या आवारातील एक जुनी तोफच उचलली, आणि ती चार हजार किलोमीटर दूर आपल्या आवारात नेऊन मांडली! कॅलटेकची मुले ती न्यावयास आली, तेव्हा त्यांनी तिच्या जागी एक खेळण्यातील चिमुकली तोफ ठेविली. कोणाचे हाड मोडले नाही, कोणाचे अश्रू आले नाहीत. वस्तूची कायमची हानी करावयाची नाही, आणि केलेले पूर्ववत करता आले पाहिजे, असा त्यांचा दंडक आहे. वसतिगृहातले मीठ ह्या दंडकात बसते. घड्याळही बसते. एका मुलाने स्थानकावर काढलेली रात्र मात्र कोणासही पूर्ववत करता येत नाही.

गागोदे हे आचार्य विनोबा भावे यांचे जन्मगाव. १८९५ साली ते तेथे जन्मले. त्यांच्या बालपणाची एक आठवण ह्या ठिकाणी सांगण्यासारखी आहे. वडील नोकरीनिमित्त बडोद्यास असत. ते दिवाळीस येताना मिठाई आणतील, असे आईने सांगितलेले, म्हणून छोटा विन्या वाट पाहत राहिला. वडील आले, त्यांनी एक पुडके हाती दिले. उघडून पाहतो तो आत मुलांसाठी लिहिलेली रामायण-महाभारताची पुस्तके! ही काही कोणी केलेली थट्टा नव्हे. तथापि फसगत म्हणावी तर ती खरीच. आईने मात्र ह्याहून चांगली मिठाई असू शकत नाही, असे सांगितले, आणि ती गोडी त्या मुलास जन्मभर पुरली. फसलेल्याच्या पदरात शेवटी काय पडले, हे पाहिले म्हणजे फसगतीची परीक्षा होते. ते माप फसविणाऱ्याने करू नये. त्याचा तराजू मुळातच हलका, हे आपण वर पाहिलेच.

ह्या वर्षी आमच्या शाळेतून बाहेर पडणारे कित्येक विद्यार्थी वसतिगृहांत राहावयास जातील. तेथे नव्या मुलांची चेष्टा म्हणून जे प्रकार चालत, त्यांस आळा घालण्यासाठी महाराष्ट्रात १९९९ साली खास कायदा झाला असून त्यात दोन वर्षांपर्यंत कारावास व दहा हजार रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. पण कायदा येतो तो फार शेवटच्या पाळीस. पालकांस माझी विनंती अशी की, मुलाने घरी येऊन ‘माझी थट्टा केली’ असे सांगितले, तर ‘एवढे काय मनास लावून घेतोस’ असे म्हणून त्यास गप्प करू नये. तो कितव्या पाळीचा शेर सोसून आला आहे, हे आधी विचारावे.

आणि विद्यार्थ्यांस एवढेच सांगावयाचे की, परतफेडीच्या खेळात बरोबरी कधीही होत नाही. तो थांबतो तो कोणी तरी आपली पाळी सोडतो म्हणूनच. पाळी सोडणारा त्या दिवशी बघ्यांस भित्रा वाटतो. आमच्या खोलीच्या दाराशीही त्या संध्याकाळी तसे कुजबुजणारे होते. त्यांतील एकाचेही नाव आज माझ्या ध्यानात नाही. पेणकर आणि रोहेकर मात्र अजून दर शिमग्याला एकमेकांच्या घरी जातात, आणि चहाचा पहिला घोट घेण्यापूर्वी दोघेही तो जरा जपूनच चाखून पाहतात.