दरड

आमच्या घरात रेल्वेचे नाव फारसे निघत नसे. खेड तालुक्यातील आमच्या गावावरून कोकण रेल्वेचा मार्ग जातो. रात्री अंथरुणावर पडले, की गाडीची शिटी स्पष्ट ऐकू येते. तिच्यावरून आम्ही भावंडे वेळ ओळखत असू. पण अब्बांनी त्या गाडीत कधी पाय ठेवला नाही. मुंबईला जायचे झाले, की ते खेडच्या स्टँडवर जाऊन एसटीत बसत. कोणी कारण विचारले, तर म्हणत, "मला एसटीची सवय आहे."

खरे कारण वेगळे होते. १९९० साली रोह्याला कोकण रेल्वेच्या कामाचा पाया घातला गेला. पुढच्या सात-आठ वर्षांत रोह्यापासून मंगळूरजवळच्या ठोकूरपर्यंत सुमारे ७४० किलोमीटरचा मार्ग तयार झाला. त्यासाठी नव्वदहून अधिक बोगदे खोदावे लागले. लहानमोठे मिळून सुमारे दोन हजार पूल बांधावे लागले. ई. श्रीधरन यांच्या नेतृत्वाखाली हे अवघड काम पुरे झाले आणि २६ जानेवारी १९९८ रोजी संपूर्ण मार्गावर गाड्या धावू लागल्या. त्या मार्गाच्या आखणीत आमची भाताची दोन खाचरे गेली. तेव्हा मी चार-पाच वर्षांचा असेन. सुरुंगाचे धमाके झाले, की मी दादीच्या पदराआड लपत असे, एवढेच आठवते.

खाचरांची भरपाई नियमाप्रमाणे मिळाली. पण ती रक्कम घरात आली आणि दोन भावांमध्ये वाद सुरू झाला. छोटे चाचा मुंबईला नोकरीला होते. त्यांना आपल्या वाट्याच्या पैशातून मुंब्र्याला खोली घ्यायची होती. अब्बांचे म्हणणे होते, की जमीन मी कसली, घाम मी गाळला, मग वाटणी सारखी कशी? शेवटी पैसे वाटले गेले, मने मात्र दुरावली. पुढे बोलणेही थांबले. ईदच्या दिवशी चाचांचा फोन येई, तो दादीसाठी. अब्बा त्या वेळी अंगणात जाऊन उभे राहत.

अशी कितीतरी वर्षे गेली. मी शिकलो, शिक्षक झालो. २०२४ च्या जुलै महिन्यात दादी आजारी पडली. वय नव्वदीच्या घरात, त्यात ताप. तिने एकच ध्यास घेतला, "धाकट्याला बोलवा." मी चाचांना फोन केला. ते म्हणाले, "रविवारच्या गाडीने निघतो."

तो रविवार १४ जुलैचा होता. पाऊस नुसता कोसळत होता. संध्याकाळी बातमी आली, की विन्हेरे आणि दिवाणखवटी या स्थानकांच्या दरम्यान दरड कोसळली आहे आणि वाहतूक बंद पडली आहे. कोकण रेल्वेचा बहुतेक मार्ग एकेरी आहे. एका ठिकाणी माती आली, की दोन्ही बाजूंच्या गाड्या जागच्या जागी थांबतात. थोड्याच वेळात चाचांचा फोन आला, "आमची गाडी अलीकडच्या एका स्थानकात उभी आहे. पुढचे काही कळत नाही." एवढे बोलणे झाले आणि फोन तुटला. नंतर लागेना.

त्या रात्री घरात कोणाला नीट झोप लागली नाही. कोकणात दरडीचे नाव निघाले, की जुन्या आठवणी जाग्या होतात. २२ जून २००३ रोजी वैभववाडीजवळ रुळावर आलेल्या दगडमातीला गाडी धडकली आणि पन्नासहून अधिक प्रवासी मृत्युमुखी पडले. पुढच्याच वर्षी, १६ जून २००४ रोजी, करंजाडीजवळ रुळावर पडलेल्या दगडांमुळे मत्स्यगंधा एक्सप्रेस घसरली. त्यानंतर डोंगरांचे उतार कमी केले गेले, दगड अडवण्यासाठी जाळ्या बसवल्या गेल्या. पावसाळ्यात गाड्यांचा वेग कमी ठेवतात आणि गस्तीची माणसे भर पावसात, रात्री-अपरात्री रुळांवरून चालत असतात. चाचांची गाडी वेळीच थांबवली गेली होती, ही केवढी मोठी गोष्ट होती! मी हे सारे अब्बांना समजावून सांगत होतो. ते काही बोलले नाहीत. पण मध्यरात्री मी उठून पाहिले, तर ते ओटीवर बसून पावसाकडे बघत होते.

सोमवारी फजरची नमाज झाल्यावर अब्बांनी छत्री उचलली. म्हणाले, "चल, बघून येऊ."

मला आश्चर्य वाटले. पण मी काही न बोलता मोटारसायकल काढली. दरड पडलेल्या जागेजवळ कोणाला सोडत नव्हते आणि ते योग्यच होते. आम्ही लांबच्या एका उंच बांधावर जाऊन उभे राहिलो. तिथून कटिंग, म्हणजे डोंगर कापून केलेली रेल्वेची वाट, दिसत होती. पण रूळ कुठे दिसत नव्हते. होता तो फक्त लाल चिखल. त्यात मुळासकट आलेली झाडे आणि मोठमोठे दगड अडकलेले.

त्या चिखलात पोकलेन आणि जेसीबी काम करत होते. ही दोन्ही नावे आपण रोज घेतो. पण ती खरे तर कंपन्यांची नावे आहेत. पोकलेन ही फ्रान्समधली कंपनी. जेसीबी म्हणजे जोसेफ सिरिल बॅमफर्ड. या इंग्रज गृहस्थांनी १९४५ साली आपला कारखाना काढला. त्यांच्या नावाची आद्याक्षरे आता आपल्या खेड्यापाड्यांतल्या लहान मुलांनाही पाठ आहेत. जेसीबीला चाके असतात, म्हणून तो रस्त्यावरून भराभर जातो. पोकलेनला चाकांऐवजी लोखंडी पट्टे असतात. त्यामुळे त्याचे वजन मोठ्या जागेवर विभागले जाते आणि चिखलातही तो सहसा रुतत नाही. त्याच्या लांब हाताला जोर मिळतो तो तेलाच्या दाबाने. इंजिन पंप चालवते, पंप नळ्यांतून तेल दाबतो आणि त्या दाबाने हाताचे सांधे हलतात. आपल्या कोपराचा आणि मनगटाचा सांधा हलतो, तसेच ते दिसते.

वर्गात मी दरवर्षी 'यंत्र : शाप की वरदान' हा निबंध लिहून घेतो. मुले लिहितात आणि मी लाल शाईने चुका काढतो. पण यंत्र काम करताना मी इतका वेळ कधी पाहिले नव्हते. माझा समज असा, की दोन दांडे ओढले, की काम झाले. यात शिकण्यासारखे ते काय?

माझा हा समज अब्बांमुळे दूर झाला. बराच वेळ निरखून पाहिल्यावर ते म्हणाले, "तो पोरगा शहाणा आहे. बघ, तो खालची माती आधी काढत नाही."

मी पाहिले. खरोखरच, पोकलेन आधी वरच्या अंगाची सैल माती ओढून घेत होता. अब्बा म्हणाले, "खालची माती वरच्या मातीचा पाय आहे. पाय काढला, तर डोंगर पुन्हा खाली बसेल. आपला बांध फुटतो, तेव्हा मी काय करतो? आधी वरचे पाणी वळवतो, मग बांधाला हात लावतो."

पाऊस थांबत नव्हता. काढलेल्या मातीच्या जागी वरून पुन्हा चिखल उतरत होता. तासाभराचे काम दहा मिनिटांत पुसले जाई. तरी यंत्राचा हात थांबत नव्हता.

दुपारी रस्त्याकडेच्या एका टपरीवर आम्ही चहाला थांबलो. तिथे कामावरचे एक मुकादम आले होते, सोबत पोकलेन चालवणारा एक तरुणही होता. पाळी बदलल्यामुळे त्याला थोडी उसंत मिळाली होती. तो झारखंडचा. डोळे लाल झालेले, कपडे चिखलाने माखलेले. रात्रभर दिव्यांच्या उजेडात त्याने काम केले होते.

अब्बांनी मुकादमांना विचारले, "वरचे पाणी कुठे वळवले आहे?"

मुकादम त्यांच्याकडे पाहतच राहिले. म्हणाले, "बाबा, तुम्ही नेमके विचारलेत. माती पडते ती पाण्यामुळेच. डोंगराच्या पोटात पाणी मुरते, माती जड होते, तिची पकड सुटते. म्हणून वरून चर काढून पाणी बाजूला न्यावे लागते."

"आणि वरच्या तारा?" मी विचारले.

"तारांतला प्रवाह आधी बंद करतात, मगच यंत्र खाली जाते. २०२२ पासून हा सगळा मार्ग विजेवर चालतो. त्या तारांत २५,००० व्होल्टचा दाब असतो. यंत्राचा हात नुसता जवळ गेला, तरी जिवाशी गाठ."

मी त्या तरुणाला विचारले, "भाई, भीती नाही वाटत?"

तो हिंदीत म्हणाला, की भीती वाटते, म्हणूनच नजर डोंगरावर असते. हात बादलीवर, कान शिटीकडे आणि नजर डोंगरावर. वरून एक खडा जरी घरंगळला, तरी लक्ष ठेवणारा माणूस शिटी वाजवतो आणि सगळे मागे सरतात. मग तो हसून म्हणाला, "ओली माती असली, की हात हलका ठेवावा लागतो. जोर लावला, की ती रागावते."

अब्बांना हे बोलणे फार आवडले. त्यांनी त्याच्या चहाचे पैसे दिले आणि एकदम विचारले, "पलीकडे माझा भाऊ अडकला आहे. वाट कधी मोकळी होईल?"

'माझा भाऊ' हे शब्द मी त्यांच्या तोंडून किती वर्षांनी ऐकले, ते मलाच आठवेना.

मुकादम म्हणाले, "आजच होईल, बाबा. पण पलीकडच्या प्रवाशांसाठी एसटीच्या गाड्या सोडल्या आहेत. तुमचे भाऊ कदाचित वाटेतही असतील."

तरीही अब्बा घरी निघायला तयार होईनात. आम्ही पुन्हा बांधावर गेलो. आता चिखलातून रूळ डोके वर काढू लागले होते. जिथे यंत्राचा हात पोहोचत नव्हता, तिथे माणसे फावडी आणि घमेली घेऊन भिडली होती. रुळांखालच्या खडीत चिखल गेला, की पाण्याचा निचरा होत नाही आणि रुळांचा आधार जातो. म्हणून ती खडी साफ करावी लागते, नवी टाकून ठोकून बसवावी लागते. एवढे अजस्र यंत्र असूनही शेवटचे काम माणसाच्या हातांनीच होत होते. मला तेव्हा वाटले, की आपल्या भाषांनी एकमेकींकडून घेतलेले शब्द किती नेमके आहेत! मेहनत, हिंमत, मदत. हे शब्द उर्दूत लिहा, मराठीत लिहा; अर्थ तोच. त्या कटिंगमध्ये त्या दिवशी तेच चालले होते.

दरड कोसळल्यापासून सुमारे चोवीस तासांनी मार्ग मोकळा झाला. अगदी हळूहळू, माणूस चालेल तशा गतीने पहिली गाडी त्या जागेवरून गेली. दोन्ही बाजूंना माणसे पावसात उभी होती आणि सगळ्यांच्या नजरा चाकांवर होत्या. शेवटचा डबा पुढे गेला, तेव्हा कोणीतरी टाळी वाजवली. अब्बांनी छत्री मिटली आणि ते मोटारसायकलवर बसले.

घरी आलो, तर ओटीवर ओल्या चपला. आत दादीच्या खाटेजवळ छोटे चाचा बसले होते. एसटीने महाड, पोलादपूर करत ते दुपारीच पोहोचले होते. दादीने त्यांचा हात घट्ट धरून ठेवला होता.

अब्बा दारात थांबले. अंगावरून पाणी गळत होते. क्षणभर कोणी बोलेना. मग अब्बा म्हणाले, "वाट मोकळी झाली."

चाचांनी वर पाहिले. म्हणाले, "भाईजान, तुम्ही भिजलात. आधी कपडे बदला."

बस्स, एवढेच. जुना हिशेब त्या दिवशी निघाला नाही आणि पुढेही कोणी काढला नाही.

हळूहळू दादीचा ताप उतरला. पंधरवड्यानंतर चाचा परत निघाले. अब्बांच्या डोळ्यांना कमी दिसू लागले होते. चाचा म्हणाले, "माझ्याबरोबर चला. मुंबईला डोळे दाखवू." अब्बांनी थोडे आढेवेढे घेतले आणि मग पिशवी भरली. मी दोघांना सोडायला निघालो, तेव्हा सवयीने मोटार खेडच्या एसटी स्टँडकडे वळवणार होतो. अब्बा म्हणाले, "तिकडे नको. स्टेशनवर घे."

गाडी सुटून थोडा वेळ झाला असेल, तोच त्यांचा फोन आला. आवाजात लहान मुलासारखी घाई होती.

"अरे, आपली खाचरे आत्ताच गेली. खिडकीतून केवढीशी दिसतात! लावणी झालेली दिसली." मग थोडे थांबून म्हणाले, "आता ती जागा आली. गाडी एकदम हळू झाली आहे. बाहेर एक माणूस हिरवा बावटा धरून पावसात उभा आहे. मी त्याला सलाम केला."