पाचवे चाक

अमेरिकेत ज्याला ‘फिफ्थ व्हील’ म्हणतात ते फिरते घर प्रथमच पाहणारा माणूस चाके मोजू लागतो आणि गोंधळतो. घराला बहुधा चार चाके, ओढणाऱ्या पिकअप ट्रकला चार. पाचवे काही केल्या सापडत नाही. ते असते ट्रकच्या हौद्यात, मागल्या आसाच्या डोक्यावर, आडवे निजलेले. पूर्वी चारचाकी घोडागाडीचा पुढचा आस वळावा म्हणून त्यावर एक आडवे लोखंडी कडे बसवीत. तेच मूळचे पाचवे चाक. मुंबईच्या व्हिक्टोरियात बसलेल्या मंडळींच्या ते पायाखाली होते. कुणी वाकून पाहिले नाही, इतकेच! इतर ट्रेलर ट्रकच्या शेपटीला लटकतात, हा त्याच्या पाठीवर बसतो. म्हणून तो वाऱ्यात कमी डुलतो.

हे ज्ञान मला साठी उलटल्यावर झाले. आमचे हे नोकरीतून मोकळे झाले आणि म्हणू लागले, “ओहायोत आयुष्य गेले, पण हा देश आपण पाहिला तो विमानाच्या खिडकीतून. आता जरा जमिनीवरून पाहू.” नव्याची किंमत ऐकून जुनेच घ्यायचे ठरले. मुलाने फोनवरून एकच प्रश्न विचारला. गेल्या वर्षी ह्यांच्या हृदयावर शस्त्रक्रिया झाली होती, त्यामुळे तो प्रश्न माझ्याही मनात होताच. “आई, भर वाळवंटात बाबांना काही झाले, तर ते धूड तू कशी परत आणणार?”

मी उत्तर दिले नाही. पण त्या दिवसापासून घर पाहण्याचा कारभार मी माझ्याकडे घेतला.

आणि काय सांगू, पाहण्यात मोठी मौज असते! मुलगी म्हणून एकदा मला पाहून झाले होते. चालून दाखव, वाचून दाखव, सारे सोसले होते. आता पाहणारी मी होते. मी घरांना चालून दाखवायला लावले. सरकत्या भिंती आतबाहेर करविल्या, गॅस पेटवून शीतपेटी गार करविली, नळ सोडून पंपाचा आवाज ऐकला. विकणाऱ्याच्या परवानगीने शिडी लावून छपरावर डोकावले, कारण या घरांचा खरा वैरी पाणी. छपरावरचे रबर टिकते, पण खिडकी, झरोका, नळी जिथे जिथे भोक पाडून बसवलेली असते तिथला लांबीचा थर वाळून तडकतो. केसाएवढी फट पुरते. पाणी भिंतीत उतरते, आतली फळी कुजते, बाहेरच्या गुळगुळीत पत्र्यावर पापडासारखा फुगवटा येतो. म्हणून कोपऱ्यांतून अनवाणी चालावे. जमीन पायाखाली दबली की नमस्कार करून निघावे. कपाट उघडून आधी वास घ्यावा. आमच्या कोकणातल्या घरात पावसाळ्यानंतर फडताळाला जो वास येई तो मला शिकवावा लागला नाही.

एक घर ह्यांना फारच आवडले. अडतीस फूट लांब, आत विजेची शेकोटी, बैठकीत दोन आरामखुर्च्या. ह्यांनी एका खुर्चीत बसून पायही पसरले. मी बाहेर टायरांपाशी वाकले. टायरावर एक चार आकडी खूण असते; पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे. तिथे होते ३८१७. म्हणजे २०१७ सालच्या अडतिसाव्या आठवड्यातला जन्म! नक्षी शाबूत, रंग काळाभोर, पण रबर आतून म्हातारे. टायर बदलता येतात हो. पत्रिका मात्र बदलता येत नाही.

ही पत्रिका म्हणजे वजनाची. विकणारे सांगतात ते रिकाम्या घराचे वजन. पण रिकाम्या घरात कोण राहतो? एक गॅलन पाणी आठ पाऊंडांहून जास्त भरते. पन्नास गॅलनांची टाकी भरली की चारशे पाऊंड झालेच. म्हणून भरल्या घराची कमाल मर्यादा धरावी, आणि तिचा साधारण पाचवा हिस्सा ट्रकच्या पाठीवर येईल असे समजावे. त्या घराची मर्यादा चौदा हजार पाऊंड. पाचवा हिस्सा अठ्ठावीसशे. आमच्या ट्रकच्या दारावरची पट्टी सांगत होती की, माणसे आणि सामान धरून पंचवीसशेच्या वर एक पाऊंड घ्यायचा नाही. मी कागद ह्यांच्यापुढे धरला. हे शेकोटीकडे पाहत म्हणाले, “गुण जमत नाहीत म्हणायचे.” बिचारे उठले.

शेवटी एका खेड्यात एका बाईंकडे गेलो. सत्तरीच्या पुढच्या. सव्वीस फुटांचे, जुने, शेकोटीबिकोटी काही नाही. मर्यादा नऊ हजार. पाचवा हिस्सा अठराशे, जोडणीचे लोखंड दीडशे, आम्ही दोघे तीनशे. अडीचशे पाऊंड शिल्लक! बाईंनी एक वही आणून दिली. कोणत्या साली छपराचे सांधे भरले, चाकांच्या बेअरिंगला वंगण केव्हा घातले, टायर केव्हा बदलले, सगळे तारीखवार. पाने उलटताना एका ठिकाणी अक्षर बदलले. आधीचे बारीक आणि तिरपे, पुढचे मोठे, गोल.

“त्यानंतर तुम्ही एकट्या नेत होता?” मी विचारले.

“दोन हिवाळे,” त्या म्हणाल्या. “ॲरिझोनापर्यंत.”

मग त्यांनी मला, ह्यांना नव्हे, ट्रकमध्ये बसवले आणि जोडायला शिकवले. घराच्या चाकांना अडसर लावायचा, पुढच्या पायांनी घराची उंची जुळवायची, ट्रक सावकाश मागे घ्यायचा. खुंटी खाचेत शिरली की जबडा मिटल्याचा टणका ऐकू येतो. पण आवाजावर विसंबायचे नाही. उतरून डोळ्यांनी पाहायचे, तारा जोडायच्या, मग जरा ओढून बघायचे. पहिल्या खेपेला मी हातभर डावीकडे गेले. चौथ्या खेपेला टणका झाला.

त्या रात्री मी मुलाला फोन करून त्याच्या प्रश्नाचे उत्तर दिले. त्याने दोनदा विचारले, “तू? एकटीने?” मग म्हणाला, “बरं.”

आता एक दिवस हे चालवतात, एक दिवस मी. ही दिवाळी न्यू मेक्सिकोत करण्याचा बेत आहे. सध्या घरात वाद चालू आहे तो फराळाच्या डब्यांचा. हे म्हणतात, पुढच्या खोलीत ठेवू, हाताशी राहतील. मी म्हणते, पुढे ठेवाल तर ते वजन ट्रकच्या पाठीवर येईल. डबे चाकांच्या वर, मधोमध. चकलीला वजन ते काय, असे ह्यांचे म्हणणे. पण अनरसे, लाडू, शंकरपाळे आणि चिवडा धरून मी हिशेब मांडला आहे, आणि वहीत पुढच्या कोऱ्या पानावर तारीख घालून लिहूनही ठेवला आहे.