औषधाचें मोल

आमच्या आजीच्या डब्यांत आम्हांस एके दिवशीं अर्ध्या मोडलेल्या गोळ्या सांपडल्या. रक्तदाबाची एक गोळी रोज घ्यावी, असें डॉक्टरांनीं बजावलें होतें. परंतु आजी अर्धीच घेऊन महिन्याचें औषध दोन महिने पुरवीत असे. विचारतांच ती म्हणाली, “बाळ, तुझी फी भरावयाची होती ना!” आठ दिवसांपूर्वीं तिला घेरी कां आली, हें तेव्हां आम्हांस उमगलें व आमची मान खालीं गेली.

पुढें डॉक्टरांनीं चिठ्ठीवर कंपनीच्या नांवाऐवजीं औषधाचें मूळ नांव लिहून दिलें. केंद्र सरकारनें २००८ सालीं सुरू केलेल्या जनऔषधी योजनेच्या दुकानांत तेंच औषध निम्म्याहून कमी किंमतीस मिळालें. औषधाचा एकाधिकार केव्हांच संपला होता. जास्तीचे पैसे आम्ही केवळ छापील नांवासाठीं मोजीत होतों!

नव्या औषधांची गोष्ट याहून कठीण आहे. शोधकाच्या श्रमांचें फळ त्यास मिळावें, म्हणून कायदा त्याला कांहीं वर्षें पेटंट देतो. तें न्याय्यच होय. पण २००० सालच्या सुमारास एड्सवरील औषधांस माणशीं वर्षाला दहा हजार डॉलरांहून अधिक खर्च येई, आणि आफ्रिकेंत लक्षावधि लोक औषध अस्तित्वांत असूनही मरत होते. आपल्या १९७० च्या कायद्यानें मात्र औषधावर नव्हे, तर तें करण्याच्या कृतीवरच पेटंट दिलें होतें. त्यायोगें निराळ्या कृतीनें तेंच औषध करणारे कारखाने येथें उभे राहिले होते. २००१ सालीं मुंबईच्या सिप्ला कंपनीचे डॉ. युसुफ हमीद यांनीं सेवाभावी डॉक्टरांच्या एका संस्थेस तीन औषधांचा वर्षाचा पुरवठा माणशीं ३५० डॉलरांत देऊं केला.

२००५ पासून आपल्याकडेही प्रत्यक्ष औषधावर पेटंट मिळतें. म्हणून ती वाट आतां पूर्वींइतकी मोकळी नाहीं. तरी एक दार उघडें आहे. औषध लोकांस परवडत नसेल, तर तें करण्याचा परवाना दुसऱ्यास देतां येतो. २०१२ सालीं कर्करोगाच्या एका औषधासाठीं तसा परवाना दिला गेला, आणि महिन्याची किंमत सुमारें २,८०,००० रुपयांवरून ८,८०० रुपयांवर आली.

विद्यार्थिमित्रहो, आमची आजी आतां पुरी गोळी घेते. आपणही घरीं जाऊन वडील माणसांचा औषधाचा डबा एकवार उघडून पाहावा. तीं आपण होऊन कांहीं सांगणार नाहींत.