पाकिटावरचा नंबर

मैत्रिणींनो, शर्ट धुण्यात टाकायच्या आधी खिसे तपासायचं काम आपलंच. त्यामुळे सिगारेटच्या पाकिटावरची ती भयंकर चित्रं ओढणाऱ्यापेक्षा आपणच जास्त पाहिलेली असतात. चित्राजवळ एक फोन नंबर असतो, १८००-११-२३५६. सप्टेंबर २०१८ पासून तो पाकिटावर छापला जातो. पण तो कधी कुणी लावून पाहिलाय, असं ऐकलंत का?

तंबाखू सोडायला मदत करणारी ही सरकारी फोनसेवा आहे. पैसे पडत नाहीत. २०१६ साली दिल्लीच्या वल्लभभाई पटेल चेस्ट इन्स्टिट्यूटमध्ये ती सुरू झाली. २०१८ मध्ये मुंबईच्या टाटा मेमोरियलसारखी आणखी केंद्रं जोडली गेली, त्यामुळे आपल्या मराठीत बोलता येतं.

आमच्याकडे त्याआधी शपथा पुष्कळ झाल्या होत्या. एकदा अंबाबाईची, एकदा लेकीच्या डोक्यावर हात ठेवून. डॉक्टरांकडे चला म्हटलं, की ह्यांचं उत्तर ठरलेलं, "कशाला गावभर करायचं?" त्यातही तथ्य होतंच म्हणा. कोल्हापूर म्हणजे महाद्वार रोडला शिंकलं, तर शिवाजी पेठेतनं "सर्दी झालीया व्हय?" म्हणून विचारणारं गाव! शिवाय निपाणी चाळीस किलोमीटरवर, आजूबाजूच्या शिवारात तंबाखू. पाहुण्यापुढं पान-तंबाखूचं तबक ठेवणाऱ्या घरांत आपण वाढलो. इथं व्यसन म्हणून कोण बघतंय त्याच्याकडं?

फोनवरच्या माणसाला मात्र आपली गल्ली ठाऊक नसते. ह्यांनी फोन केला तोही घरातून नव्हे, रंकाळ्यावर स्कूटर उभी करून. पलीकडून एका मुलीनं विचारलं, सकाळी उठल्यावर पहिली सिगारेट किती वेळानं लागते? दिवसाला किती? आधी सोडली होती का, मग परत कशानं धरली? उपदेश एका शब्दाचा नाही. मग सोडायची तारीख ठरवायला लावली. पुढच्या खेपेचे फोन तिकडूनच आले.

एकदा असा फोन ऐन जेवणाच्या वेळी आला. हे ताटावरून उठून गच्चीवर गेले. मी दही द्यायला म्हणून वर गेले (दही निमित्तच, तुम्हाला काय सांगायचं!) आणि जिन्यातच थबकले. हे सांगत होते, सासरे सीपीआरमध्ये होते तेव्हा रात्री बाहेर बसून पहिली सिगारेट ओढली, एकट्यानं बसवत नव्हतं म्हणून. एकवीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. परक्या मुलीला सांगितलं, मला का नाही? थोडं टोचलं, खोटं कशाला बोलू. पण माझ्यापुढं त्यांना आधी शपथेचा हिशोब द्यावा लागला असता. तिच्यापुढं तो नव्हता.

पहिले तीन-चार दिवस मात्र घराची परीक्षा असते. चिडचिड, झोप नाही, पोट साफ नाही. निकोटीन मिळेनासं झालं की शरीर असं वागतं. हा त्रास पहिल्या आठवड्यात सर्वांत जास्त असतो, मग हळूहळू ओसरतो. एकेक तलफ काही मिनिटांची असते, तेवढी निभावायची. पाणी प्यावं, जागेवरून उठावं, बोलावं. आमच्याकडे अवघड वेळ रविवारची, तांबडा-पांढरा ओरपून झाल्यावरची. त्या वेळी मी बडीशेप आणि लवंग पुढं ठेवायची. सुपारी मात्र देऊ नका हं, तंबाखू नसली तरी सुपारीनंही तोंडाचा कॅन्सर होतो. आणि त्या दिवसांत शर्टाचा वास घेत बसू नका.

सतराव्या दिवशी एका लग्नात ह्यांनी एक ओढलीच. पुढच्या फोनवर स्वतःहून सांगितलं. मुलगी रागावली नाही. कुणाबरोबर होता, हातात काय होतं, पुढच्या लग्नात काय करणार, एवढंच विचारलं. आता पाच महिने झाले. पुढचं पुढं बघू.

एक सांगते, नवऱ्याच्या वतीनं आपण फोन करून भागत नाही. सोडतो हे ज्याचं त्यानंच म्हणायचं असतं. आपण नंबर दाखवावा आणि गप्प बसावं. हे दुसरं जास्त अवघड!

आणि आपल्या बायकांचं काय? २०१६-१७ च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रातल्या शंभरातल्या सुमारे सतरा बायका तंबाखू घेणाऱ्या निघाल्या. विडी-सिगारेटवाल्या त्यात नावालाच, बाकी सगळी मिश्री आणि तोंडात धरायची तंबाखू. आमच्या सासूबाईंची मिश्रीची डबी न्हाणीघराच्या कोनाड्यात असते. परवा त्यांनीच हळूच विचारलं, "त्या पोरीला मिश्रीचं कळतंय का गं?"

कळतं म्हटलं, नंबर तोच. कागदावर मोठ्या अक्षरात लिहून दिलाय. त्यांनी तो डबीखाली ठेवलाय. फोन अजून केलेला नाही, आणि मी विचारत नाही.