डॅफोडिल्सची सहल

इंग्लंडात सहलीला 'थीम' लागते. आपल्याकडे माणसं आणि डबे जमले की सहल होते. आमच्या मँचेस्टरच्या मराठी मंडळींच्या बैठकीत किल्ले, बागा, एकाने तर नुसत्या मेंढ्याच सुचवल्या. मी म्हणालो, "वर्डस्वर्थ!" कारण साताऱ्याहून आलेले माझे सासरे. अण्णांनी 30 वर्षे शाळेत डॅफोडिल्सची कविता शिकवली. फूल मात्र कधी पाहिले नव्हते.

रजा सगळ्यांना मेच्या शेवटच्या सोमवारी. फुलांचा हंगाम मार्च-एप्रिलचा, हे मला ठाऊक होते. पण बहुमतापुढे वसंत ऋतूचे काय चालते! गप्प बसलो.

सकाळी ग्रासमिअरला कवीचे 'डव्ह कॉटेज' पाहिले. मग बस अल्सवॉटर तळ्याकाठी, थेट कवितेच्या जागी. तिथे पिवळे काही असेल तर ती वाळत चाललेली पाती.

अण्णा वाकले, एक पात चाचपून म्हणाले, "लसणीसारखी लागते हो!" मग मास्तरी सुरात, "कवितेत हा एकटाच भटकतो. बहिणीची डायरी सांगते, 15 एप्रिल 1802, ती बरोबर होती."

"एप्रिल? म्हणजे तुम्हांला माहीत होतं?"

"तुम्हांलाही होतंच की, जावईबापू!"

"मग बोलला का नाहीत?"

"जावयाच्या सहलीत सासऱ्यानं कसं बोलावं?"

मी तिखटमिठाच्या पुऱ्यांचा डबा उघडला. अण्णांनी ती पात चष्म्याच्या घरात ठेवली.